हाक येईपर्यंत

३ एप्रिल

बाबा,

खालचा तपशील दादा, वहिनी, खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई आणि स्वतः भिंगरी यांना वेगवेगळं विचारून लिहिला आहे. ज्या वेळा दोघांकडून सारख्या आल्या, तेवढ्याच घेतल्या. चूक असेल तर दुरुस्त करा.

१. २९ मार्च, रविवार. दादा-वहिनी नव्या नोकरीच्या कागदपत्रांसाठी बाहेरगावी गेले होते. त्यांची मुलगी भिंगरी, वय नऊ, तुमच्याकडे होती.

२. सव्वादहाच्या सुमारास तुम्ही तिला पाणी आणायला सांगितलंत. ती मोबाइलवर खेळत होती. "एक मिनिट आजोबा," असं ती तीनदा म्हणाली.

३. दहा वीसला तुम्ही तिला मागच्या दाराच्या उंबरठ्यावर उभं केलंत. शब्द नेहमीचेच: हाक येईपर्यंत.

४. उंबरठ्याची गोष्ट तिला आधीपासून माहीत होती. तुमच्या घरात कोणाला माहीत नसते?

५. साडेदहाला तुम्ही केस कापायला गेलात. तिथे गर्दी होती. तिथून तुमच्या बुद्धिबळाच्या मित्राकडे. दोन डाव झाले. जेवण तिथेच झालं.

६. बारानंतर मागच्या दारात ऊन येतं. शिवणकामवाल्या बाई पाण्याचा पेला घेऊन वर आल्या. भिंगरी म्हणाली, "नको. पाणी प्यायलं की बाद." बाईंना वाटलं, मुलांचा काही खेळ चालला असेल. पेला तिथेच ठेवून त्या खाली गेल्या.

७. अडीचला ती पडली. हनुवटी उंबरठ्याच्या कडेवर आपटली. तीन टाके, एक रात्र सलाइन.

८. तुम्ही तीन वाजता परत आलात.

एकूण वेळ चार तास दहा मिनिटं. पेला भरलेलाच होता.

कारखान्याच्या फाटकाशी बसून चौतीस वर्षं दुसऱ्यांची उशिराची मिनिटं लिहिणारा टाइमकीपर त्या दिवशी घड्याळाकडे बघायचं विसरला, हे मी वर घातलेलं नाही. तो तपशील नाही, माझं मत आहे.

३० तारखेला मी हॉस्पिटलमध्ये आले होते. तुम्ही कॉरिडॉरमधल्या बाकावर बसला होतात, केस ताजे कापलेले. मी तुम्हाला पाहिलं. तुम्ही मला पाहिलंत, हेही पाहिलं. सहा वर्षांनी भेटणाऱ्या माणसांनी काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नाही, आणि तुम्ही तर आधी कधीच बोलत नाही.

दादा-वहिनी दोन वर्षांसाठी बाहेर चालले आहेत आणि तेवढा काळ भिंगरी तुमच्याकडे राहणार, असं ठरतं आहे. सोमवारी, २७ तारखेला, दादा तुमच्याजवळच्या शाळेचा फॉर्म भरणार. एवढं होऊनही त्याचा विचार बदललेला नाही. "अगं, म्हातारा माणूस, विसरला. आपण नाही का उभे राहिलो?" असं तो म्हणाला.

माझा प्रश्न एकच आहे. तिला पुन्हा उभं करणार का?


९ एप्रिल

बाबा,

तुमचं उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे माझ्याच पत्राची झेरॉक्स आणि त्यावर लाल पेन. कलम दोनमधलं 'तीनदा' खोडून 'चारदा' केलं आहे. कलम आठमधल्या 'तीन वाजता'च्या जागी 'दोन पंचावन्न'. खाली एक ओळ: "आमच्या वेळी बापाला असलं पत्र लिहिताना हात लुळा पडला असता. वकीलसाहेबांना आशीर्वाद."

दोन्ही दुरुस्त्या मान्य आहेत. प्रश्नाचं उत्तर राहिलं.

वकीलसाहेब हे नाव तुम्ही मला सातव्या वर्षी ठेवलंत, कारण मी एका वाक्यात दोनदा 'का' विचारलं होतं. तुमच्या वेळी 'का' नव्हतं. तुमच्या वेळी मुलं ताटात पडेल ते खात, मोठे बोलत असताना भिंतीला टेकून उभी राहत, आणि आजोबांची सायकल वळणावर दिसली की गल्लीतला दंगा आपोआप थांबे. तुमच्या वेळी मार खाऊन आल्यावर घरी सांगितलं तर घरी पुन्हा मार मिळे. मग आम्ही आलो, आणि आम्हाला दारं आपटता यायला लागली. आता भिंगरीची पिढी. "ही तर बापाला नावाने हाक मारायची बाकी आहे," असं तुम्ही तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला म्हणाला होतात. तिने त्या दिवशी केकला आधी बोट लावलं होतं.

आणि या सगळ्याच्या वर ती एक गोष्ट. तुम्ही अकरा वर्षांचे. आजोबांनी सकाळी नऊ वाजता तुम्हाला उंबरठ्यावर उभं केलं, 'हाक येईपर्यंत' म्हणाले, आणि कामावर निघून गेले. आजी तेव्हा बाळंतपणाला माहेरी. दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं, तुम्ही हलला नाहीत. पाणीसुद्धा मागितलं नाहीत. दिवे लागल्यावर आजोबा परत आले तर तुम्ही तिथेच. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, शाबास. आमच्या घरात या गोष्टीला शेवट नव्हता. ती संपली की तुम्ही आमच्याकडे बघायचात.

मी दहा वर्षांची असताना दोन तास चाळीस मिनिटं उभी राहिले. मग पाणी मागितलं. तुम्ही पाणी दिलंत आणि म्हणालात, "पाणी मागितलं म्हणजे संपलं. जा, खेळ." ते 'जा, खेळ' मला अजून ऐकू येतं. दादा कधीच तासाच्या पुढे गेला नाही. पण त्याला त्याचं काही वाटत नसे, म्हणून तो आज तुमच्याशी बोलतो.

आई हाक मारू शकत नव्हती, हाक तुमचीच लागे. पण तुम्ही पेपरात बुडालात की स्वयंपाकघरात एखादं भांडं पडायचं. इतकी वर्षं ती धांदरट आहे असं तुम्ही सगळ्यांना सांगत आलात. तिच्या हातून दुसऱ्या कुठल्याही वेळी काही पडल्याचं मला आठवत नाही. २९ मार्चला घरात भांडं पाडायला कोणी नव्हतं.

मी काय काम करते, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. दाब, वजन, तापमान मोजणारी उपकरणं आमच्याकडे तपासायला येतात. खरं किती आणि हे दाखवतं किती, यातला फरक आम्ही लिहून देतो आणि पुढच्या तपासणीची तारीख चिकटवतो. मागच्या वर्षी एका कारखान्याने चाळीस दाबमापकं पाठवली. सगळी खराब आहेत, नवा माल टिकतच नाही, अशी तक्रार होती. चाळीसच्या चाळीस ठीक निघाली. त्यांच्याकडे एक जुनं पितळी मापक होतं, त्याला लावून ते बाकीची तपासत. ते स्वतः अकरा वर्षांत कोणी तपासलेलं नव्हतं. साहेबांच्या खोलीत, काचेच्या कपाटात ठेवलेलं होतं.

त्या दिवशी मी तुमचा विचार केला नव्हता. परवा केला.

मी सहा वर्षांपूर्वी का गेले, हे तुम्ही लोकांना 'नोकरी लागली म्हणून' असं सांगता. तेही बरोबर आहे. तेवीस वर्षांच्या मुलीला तुम्ही म्हणालात, "उंबरठ्यावर उभी राहा. हाक मारीन तेव्हा नोकरीचं बोलू." मी निघून गेले.

उत्तराची वाट बघते आहे.


१५ एप्रिल

बाबा,

काल रजा घेऊन आत्याकडे गेले होते. तिचे गुडघे आता अगदीच गेले आहेत. खुर्चीतून उठत नाही, पण विणकाम चालू आहे आणि जीभही.

"आलीस? बापाशी भांडून आलीस की भांडायला आलीस?"

"विचारायला आले. आत्या, बाबा लहानपणी उंबरठ्यावर उभे होते, त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"कुठल्या दिवशी?"

"सकाळी नऊ ते दिवे लागेपर्यंत."

ती हसायला लागली. सुया मांडीवर ठेवून, चष्मा काढून हसली. "तो? तो उभा? अगं त्याच्या पायाला भिंगरी होती. फोटोवाला 'हलू नको' म्हणेपर्यंत हा फोटोच्या बाहेर असायचा."

"पण आजोबांनी उभं केलं होतं ना?"

"केलं होतं की. मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला होता कार्ट्याने. वडिलांची सायकल वळणाआड गेली आणि हा पळाला रेल्वे यार्डात. मालगाडी उभी असली की डब्यांखालून रांगत इकडून तिकडे जायचं, अशी पैज लावायचे मेले. आज एखाद्या पोराने केलं तर पेपरात येईल."

"मग उंबरठ्यावर कोण होतं?"

"मोकळा कसा ठेवायचा? मागच्या दारासमोर वडिलांचे मित्र राहायचे, खिडकीत बसलेले असायचे. संध्याकाळी चहाडी झालीच असती. मी त्याची टोपी घातली, त्याचा शर्ट घातला आणि तोंड आत करून उभी राहिले. लांबून बघणाऱ्याला पोरगा दिसला म्हणजे झालं. म्हटलं येईल तासाभरात." तिने सुया परत उचलल्या. "दिवे लागताना आला. तेवढं खरं आहे त्याचं, दिवे लागेपर्यंत."

"पाणी?"

"पाण्याला हलले असते तर तोंड दिसलं असतं ना."

ती तेव्हा तेरा वर्षांची होती. पुढचं तिनेच सांगितलं. तुम्ही ग्रीसने काळे होऊन मागच्या भिंतीवरून आलात, तिच्या डोक्यावरची टोपी ओढून आपल्या डोक्यावर घातलीत आणि ती आत पळाली. तेवढ्यात पुढे सायकलची घंटा वाजली. आजोबा आत आले, तुम्हाला उंबरठ्यावर पाहिलं. ग्रीस अंधारात दिसलं नसावं.

"आमच्या वडिलांनी जन्मात एकदाच कुणाच्या डोक्यावर हात ठेवला," आत्या म्हणाली. "मी दाराआडून पाहिलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बोलले असते तर दोघांना फोडलं असतं. आणि तो इतका खूश होता गं. रात्री झोपेत हसत होता. त्याला ती शाबासकी जन्मभर पुरली. माझे पाय सुजले ते चार दिवस पुरले." मग म्हणाली, "आता त्यालाच ते खरं वाटतं. विचारू नकोस हो त्याला. चिडेल."

मी तिला २९ मार्चचं सांगितलं. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिने विणलेली एक ओळ उसवली, पुन्हा विणली, पुन्हा उसवली. मग शिवणाचा डबा मागून घेतला. त्यात बटणांच्या खाली एक लोखंडी गोळी होती, बेअरिंगमधली. "यार्डातून आणून दिली होती त्याने मला, त्या रात्री. म्हणाला, तुला ठेव."

मी मोजली. व्यास बारा मिलिमीटर, एका बाजूला गंज. ती या पाकिटात घातली आहे. ओळखाल.

तुम्ही डब्यांखालून रांगलात, याचा मला राग नाही. अकरा वर्षांच्या मुलाने पळूनच जायला हवं होतं. एवढा एक दिवस तुम्ही शहाण्यासारखे वागलात, आणि नेमका तोच आम्हाला सांगितला नाहीत.


१९ एप्रिल

बाबा,

चार दिवस झाले. या वेळी झेरॉक्स आली नाही. गोळी पोचल्याची पावती मात्र पोस्टाकडून आली आहे, सही तुमची आहे.

काल भिंगरीला भेटले. टाके काढले आहेत. हनुवटीखाली पांढरी रेघ राहील, डॉक्टर म्हणाले. वहिनी सामान बांधत होती. भिंगरी पलंगावर उलटी पडून पाय भिंतीवर टाकून बोलत होती. ती मला अत्तू म्हणते.

"अत्तू, मी दुसरी आले ना?"

"कशात?"

"उंबरठ्यात. आजोबा पहिले, मी दुसरी, तू तिसरी. एक वाजता तुझा मोडला. मी घड्याळ बघत होते. मग मला वाटलं आता थांबायचंच नाही."

"उभं राहणं ही स्पर्धा नाहीये, भिंगरी."

"माहितीये. शिक्षा आहे. पण आजोबा म्हणतात ना, आजकालच्या मुलांना जमत नाही. मला जमत होतं, फक्त ऊन होतं. पुढच्या वेळी टोपी घालीन. आणि आदल्या दिवशी खूप पाणी पिऊन ठेवीन, म्हणजे आजोबांसारखे नऊ तास होतील."

पुढच्या वेळी. तिने ते इतक्या सहज म्हटलं, जणू पुढच्या सुट्टीत पोहायला शिकणार असावी. चार तास दहा मिनिटांनी तिचं शरीर कोसळलं, तिने नऊचं ठरवलं आहे, आणि पुढची दोन वर्षं ती त्याच उंबरठ्याच्या घरात असणार आहे.

मी तिला खरं सांगितलं. यार्ड, टोपी, आत्या, सगळं. तिने पाय खाली घेतले, उठून बसली, आणि खेळात चिडणाऱ्या मुलाकडे बघावं तशी माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "तुला जमलं नाही म्हणून तू असं म्हणतेस."

दादाला सांगून उपयोग नाही. त्याचा एक तास तिच्या खिजगणतीत नाही. आत्याला ती दोनदाच भेटली आहे.

आता माझ्या तपशिलातल्या दुरुस्त्या. तुम्ही दोन केल्यात, या दोन माझ्या.

कलम चार. उंबरठ्याची गोष्ट तिला माझ्याकडून कळली. मी ते वाक्य असं लिहिलं की तुम्ही सांगितली असं वाटावं. गेल्या पावसाळ्यात फोनवर ती म्हणाली, आजोबा बोअर करतात, आमच्या वेळी, आमच्या वेळी. मी तिला हसवायला म्हणून गोष्ट सांगितली. सांगताना तुमचा आवाज काढला. ती हसलीही. मग तिने न विचारता मी माझा आकडा सांगितला. दोन तास चाळीस. 'पाणी प्यायलं की बाद' हेही मीच सांगितलं. तो आकडा सांगताना माझ्या आवाजात जे होतं ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं. तो अभिमान होता. ज्या घरातून मी निघून आले, त्या घरातला दुसरा नंबर मी सांभाळून ठेवला होता. २९ मार्चला तुम्ही तिला उभं केलंत. एक वाजेपर्यंत तिला तिथे मी धरून ठेवलं.

दुसरी दुरुस्ती ९ तारखेच्या पत्रातली. 'मी निघून गेले' असं लिहिलं, ते बरोबर आहे, पण लगेच नाही. बॅग खांद्यावर घेऊन मी अकरा मिनिटं उंबरठ्यावर उभी होते. तुम्ही आत होतात, रेडिओ लागलेला होता. तुम्ही हाक मारली असती तर मी बहुतेक राहिले असते. तेव्हा आई हयात नव्हती, त्यामुळे भांडंही पडलं नाही.

तुम्ही म्हणता, पिढीगणिक मुलं बिघडत चालली, धाक राहिला नाही, ऐकणं राहिलं नाही. आकडे मांडून बघा. अकराव्या वर्षी तुम्ही: शून्य. दहाव्या वर्षी मी: दोन तास चाळीस. नवव्या वर्षी ती: चार तास दहा. बाबा, या घरात प्रत्येक मूल आधीच्यापेक्षा जास्त ऐकतं आहे. तुमच्या वेळी जे एक मूल उभं राहिलं, त्याची मोजणी कोणी केली नाही, कारण ती मुलगी होती आणि तिने तुमची टोपी घातली होती.

आता मागणं.

भिंगरीला तुमच्या हाताने एक पत्र लिहा. त्या दिवशी तुम्ही उभे राहिला नाहीत, तुम्ही पळालात, आणि जी उभी राहिली ती तुमची बहीण होती, एवढं त्यात हवं. क्षमा वगैरे मागू नका, तिला ती कशासाठी ते कळणार नाही. डब्यांखालून रांगल्याचं सविस्तर लिहिलंत तर चालेल. ते तिला आवडेल. गोळी पत्रात घाला. तिचा विश्वास फक्त तुमच्यावर आहे, म्हणून हे तुम्हीच करायला हवं. मला दुसरा मार्ग दिसला असता तर तुम्हाला विचारलं नसतं.

पत्र आलं तर मी दादाला म्हणेन, फॉर्म भर. मनापासून म्हणेन. तुम्ही एकटे आहात हे मला दिसतं. हॉस्पिटलच्या बाकावर तुम्ही तिची चप्पल मांडीवर घेऊन बसला होतात, तेही मी पाहिलं, आणि तेही तपशिलात घातलं नाही.

पत्र आलं नाही तर ती माझ्याकडे राहील. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, शाळा चालत बारा मिनिटांवर आहे, मी चौकशी केली आहे. दादा हसला. "तू आणि मूल?" म्हणाला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. मला मुलं सांभाळता येतात असं माझं म्हणणं नाही. माझ्या दाराला उंबरठा नाही, एवढंच.

पत्र तिच्या नावाने टाका. मला फक्त हो किंवा नाही, एका ओळीत. लाल पेन चालेल.

शनिवार, २५ एप्रिल, संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. मी घरी आहे.